डोळे मिटायला सांगू नका

मानसिक आघातातून गेलेली व्यक्ती तुमच्याशी त्याबद्दल बोलता बोलता भावनेने कोसळली तर ‘डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगा’ असा सल्ला काही जण देतात. हेतू चांगला आहे, पण आघातातून गेलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांपुढे अनेकदा तोच प्रसंग उभा राहतो. भराभर मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. त्यापेक्षा उच्छ्वास लांबवा: 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर. तेही जमत असेल तरच.

रडणं थांबवायची घाई कशाला? रडताना ती व्यक्ती तुमच्याकडे बघते आहे, उत्तर देते आहे, तर पाण्याचा पेला जवळ सरकवून शांत बसणं पुरेसं आहे. काळजी करायची ती नजर एका जागी खिळली, आवाज पुटपुटण्यावर आला, प्रश्न पोचेनासा झाला तर. तेव्हा ‘नेमकं काय झालं होतं?’ हे अजिबात विचारू नका. नावाने हाक मारा. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे सांगा. तळपाय जमिनीवर दाबायला, खुर्चीचा हात घट्ट धरायला, खोलीतल्या 5 वस्तूंची नावं घ्यायला सांगा. आवाज हळू, वाक्यं छोटी.

न विचारता खांद्यावर हात ठेवू नका, दाराची वाट अडवून बसू नका. आणि भेटीची शेवटची 10 मिनिटं साध्या गोष्टींसाठी राखा: घरी कसं जाणार, सोबत कोण असेल.