जर्सीत सब (लांब पावातलं सँडविच) खायचा तर चेनमधला की डेलीतला?

एडिसनकर: नुकताच न्यू जर्सीत आलोय, ऑफिसजवळच्या एका चेनमधून सब आणला तर पाव नुसता कापसासारखा, इथले लोक म्हणतात डेलीतलाच (म्हणजे मांस-चीज कापून सँडविच करून देणाऱ्या छोट्या दुकानातलाच) खा, खरंच एवढा फरक असतो का? बायको शाकाहारी आहे.

जुना जर्सीकर: असतो हो! सगळा खेळ पावाचा. चांगल्या डेलीत बेकरीतून त्याच दिवशीचा पाव येतो, वरून कडक, आतून मऊ. अटलांटिक सिटीचं व्हाइट हाउस नावाचं सबचं दुकान तर १९४६ पासून चालू आहे, एकदा जाच.

खादाडी: सगळ्या चेन सारख्या नसतात बरं का, जर्सी माइक्स मूळचं १९५६चं पॉइंट प्लेझंटचं छोटं दुकानच, अजून मांस-चीज समोर स्लाइस करून देतात. वहिनींसाठी डेलीत फ्रेश मोझरेला आणि भाजलेली लाल ढोबळी मिरची घ्या, वर तेल-व्हिनेगर, आणि सुरी बदला म्हणून आधीच सांगा, तीच हॅमला वापरलेली असू शकते.

एडिसनकर: सुरीचं लक्षातच आलं नव्हतं, थँक्यू!