राखीव जागेला ‘योग्य उमेदवार’ का सापडत नाही?

तासिकावाला:
एका केंद्रीय विद्यापीठाचा निकाल लागला. सहाय्यक प्राध्यापकाच्या राखीव जागेपुढं परत ‘एनएफएस’, म्हणजे योग्य उमेदवार नाही. मुलाखतीला बसलेले आम्ही सगळे नेट ही पात्रता परीक्षा पास, पीएच.डी. झालेले. याच लोकांकडून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवून घेतात, तेव्हा योग्यता आड येत नाही.

2019 मध्ये बिंदुनामावलीवरून, म्हणजे कितवी जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या यादीवरून, रान पेटलं होतं. जागा मोजायला विभाग हे एकक धरलं की चौथी जागा ओबीसींना, सातवी अनुसूचित जातींना, आणि अनुसूचित जमातींना थेट चौदावी. चौदा जागा असलेले विभाग आहेत तरी किती? शेवटी अध्यादेश निघाला, मग कायदा झाला, आणि अख्खं विद्यापीठ एकक ठरलं. कागदावर जागा परत आल्या, आता मुलाखतीच्या खोलीत अडतात. आरक्षण मोजायचं तर रुजू झालेल्या माणसांत मोजा.

स्पष्टवक्ता:
मग जागा आहे म्हणून कुणालाही बसवायचं? पदव्युत्तरला खुल्या गटाला 55 टक्के लागतात, राखीवला 50. नेटचा कटऑफही वेगळा. वर्गात शिकवता येतं का, ते मुलाखतीतच कळतं. खुल्या जागांवरही एनएफएस होतं, त्यावर कुणी धागा काढत नाही.

तासिकावाला:
दहा मिनिटांत कळतं? मला विचारलं, “गाव कुठलं? आडनावावरून काही कळत नाही हो.” मग विषयावर एकच प्रश्न, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत पुढच्याला हाक.

नियमपंडित:
जरा नियमही बघा. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड निव्वळ मुलाखतीवर. हे मलाही खटकतं. पण राखीव प्रवर्गाचे उमेदवार असतील तर निवड समितीत त्या प्रवर्गांतला एक प्राध्यापक लागतोच. तेव्हा खोलीतले सगळे वैरी, हा कांगावा नको.

पाटीपेन्सिल:
तो प्राध्यापक नेमतं कोण? कुलगुरू. झालं तर मग!

फिजिक्सवाली:
2019 च्या कायद्याचं कलम 4 कुणी वाचलंय का? टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेसारख्या संस्था त्यातून वगळल्यात. 2020 मध्ये आयआयटींसाठीच्या समितीनंही तशीच सूट मागितली. दर्जा आणि आरक्षण एकत्र नांदत नाही असं सरकारच लिहून देणार असेल, तर निवड समित्यांनी तेच मनात धरलं यात नवल कसलं?

स्पष्टवक्ता:
लिहून दिलं कारण संशोधनात जगाशी गाठ असते. आणि ज्याचे आईवडील दोघंही प्राध्यापक, त्यालाही अनुसूचित जातीची जागा कशाला? क्रीमी लेअर फक्त ओबीसींनाच का?

तासिकावाला:
विषय बदलू नका. प्राध्यापकाच्या पोरालाही ती जागा मिळालेली नाही, ती रिकामीच आहे. आणि रिकामी जागा पुढं कुठं जाते? न भरलेल्या जागा अनारक्षित करायची वाट दाखवणारा मसुदा युजीसीनं आणलाच होता. जानेवारी 2024 मध्ये ओरड झाली, तेव्हा कुठं ‘तसं होणार नाही’ असा खुलासा आला. म्हणून म्हणतो, एनएफएस लिहायचं तर प्रत्येकाचे गुण आणि कारण जाहीर करा.

स्पष्टवक्ता:
करा की. मग प्रत्येक निकाल कोर्टात जाईल, भरती वर्षानुवर्षं लटकेल. तोवर पोरांना शिकवणार कोण?

पाटीपेन्सिल:
आत्ता कोण शिकवतंय? तासिकावालेच ना?