इराणची १९७९ ची क्रांती : शहांनी पेरले ते धर्मगुरूंनी कापले का?

विश्वंभर (मूळ लेख)

इराणच्या क्रांतीची दोन कारणे ठरल्यासारखी सांगितली जातात. एक असे, की शहांनी, म्हणजे राजा मोहम्मद रझा पहलवी यांनी, देश फार वेगाने आधुनिक केला आणि धार्मिक जनतेला ते झेपले नाही. दुसरे असे, की अमेरिकेच्या तालावर नाचणाऱ्या राजाला लोकांनी हाकलून दिले. दोन्हींत तथ्य आहे, परंतु राजा गेल्यावर सत्ता नेमकी धर्मगुरूंच्याच हाती का पडली, याचा उलगडा त्यांपैकी एकानेही होत नाही. माझ्या मते तो उलगडा शहांच्या स्वतःच्या कारभारात आहे.

तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसादेग यांना १९५३ साली ब्रिटन आणि अमेरिका यांच्या गुप्तहेर यंत्रणांच्या मदतीने पदच्युत करण्यात आले. त्यानंतर त्यांची राष्ट्रीय आघाडी खिळखिळी झाली, तुदेह या कम्युनिस्ट पक्षाची पाळेमुळे खणून काढण्यात आली, आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सावाक या गुप्त पोलीस संघटनेने विद्यार्थी, लेखक, कामगार अशा सर्वांवर पहारा बसवला. मार्च १९७५ मध्ये तर नावापुरते उरलेले पक्षही बरखास्त करून शहांनी रस्ताखीज हा एकच पक्ष ठेवला, आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी खुशाल देश सोडावा, असे जाहीर केले. १९७३ नंतर तेलाचा पैसा अचानक वाढल्याने महागाई भडकली होती. तिचे खापर बाजारातल्या व्यापाऱ्यांवर फोडण्यात आले, विद्यार्थ्यांची तपासणी पथके दुकानांवर धाडण्यात आली आणि हजारो दुकानदारांना दंड व तुरुंगवास झाला. ज्या बाजाराच्या देणग्यांवर मशिदी आणि मदरसे चालत, तोच बाजार अशा रीतीने शहांनी शत्रुपक्षात ढकलला.

मशीद तेवढी उघडी राहिली, कारण ती बंद करणे कोणालाच शक्य नव्हते. जानेवारी १९७८ मध्ये एत्तेलाआत या दैनिकात हद्दपार असलेले धर्मगुरू खोमेनी यांची नालस्ती करणारा लेख छापून आला. कोम या धर्मशिक्षणाच्या शहरात निदर्शने झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. शिया प्रथेप्रमाणे चाळिसाव्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, तब्रीझमध्ये लोक शोकासाठी जमले आणि तेथेही माणसे मेली. त्यांच्या चाळिसाव्याला मार्चअखेर यझ्दसह अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले. सभेला बंदी घालता येते. मेलेल्याच्या चाळिसाव्याला बंदी घालून कोणतेही सरकार टिकत नाही. प्रत्येक गोळीबार पुढच्या जमावाची तारीख ठरवत होता, आणि त्या जमावाला एकत्र बोलावणारी व्यवस्था फक्त धर्मगुरूंपाशी होती. म्हणून क्रांतीनंतर जे घडले, त्याची मुख्य जबाबदारी शहांचीच आहे, असे मी मानतो.

अरुंधती

कारणांपुरते मला मान्य आहे. जबाबदारीची वाटणी मुळीच मान्य नाही. आपण सगळा दोष गेलेल्या राजाच्या माथी मारता, आणि त्यात खोमेनी व त्यांना खांदा देणारे सुशिक्षित नेते दोघेही सहीसलामत सुटतात. विलायत-ए-फकीह, म्हणजे राज्याचा अंतिम अधिकार धर्मशास्त्रज्ञाकडे असावा, हा विचार खोमेनींनी १९७० मध्ये इराकमधील नजफ येथे व्याख्यानांतून मांडला होता आणि तो छापूनही आला होता. त्यात गुपित असे काहीच नव्हते. तरीही १९७८ च्या शरद ऋतूत पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो गावात ते मुक्कामाला असताना, मौलवी स्वतः राज्य करणार नाहीत, या त्यांच्या आश्वासनावर या मंडळींनी विश्वास ठेवला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय आघाडीचे करीम संजाबी त्यांना भेटून आले आणि आघाडी त्यांच्या मागे उभी राहिली. पुढे शापूर बख्तियार यांनी शहांकडून पंतप्रधानपद स्वीकारले, तेव्हा त्यांची मात्र पक्षातून हकालपट्टी झाली.

राज्यघटनेचा इतिहास तर याहून वेदनादायक आहे. जून १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मसुद्यात फकीहाच्या सत्तेचा उल्लेखच नव्हता, आणि खोमेनी तो किरकोळ बदलांसह स्वीकारण्यास तयार होते. लोकनियुक्त सभेत चर्चा झालीच पाहिजे, हा आग्रह उदारमतवाद्यांचा आणि डाव्यांचा होता. ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या तज्ज्ञसभेत धर्मगुरूंचे प्रचंड बहुमत झाले आणि फकीहाचे पद तिनेच घटनेत घातले. तो आग्रह तत्त्व म्हणून योग्यच होता. पण गावोगावच्या मशिदी कोणाच्या हातात आहेत हे ठाऊक असताना निकाल काय लागेल, याचा अंदाज त्यांना का आला नाही? हे शहांनी करायला लावलेले नव्हते.

समीरण

दोघांच्याही मांडणीत मशीद एवढी मोठी झाली आहे, की कामगार दिसेनासा झाला. शोकाच्या मोर्चांनी शहांची अब्रू गेली, पण सत्ता गेली नाही. ८ सप्टेंबर १९७८ रोजी तेहरानच्या जालेह चौकात लष्कराने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतरही शहा गादीवर होतेच. त्यांचा कणा मोडला तो ऑक्टोबरपासूनच्या संपांनी. दिवसाला ५० लाखांहून अधिक बॅरल तेल काढणारा देश वर्षअखेरीस स्वतःची गरज भागवण्याइतकेही तेल काढू शकत नव्हता. तेल कामगारांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर राजकीय कैद्यांची सुटका आणि लष्करी कायदा उठवणे हेही होते. सीमाशुल्क कर्मचारी, बँक कर्मचारी आणि वृत्तपत्रांतले लोकही कामावरून उठले. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा देश सोडून गेले, ते तिजोरी आणि कारभार दोन्ही ठप्प झाल्यावर. क्रांतीनंतर या कामगारांनी कारखान्यांत उभ्या केलेल्या स्वतंत्र समित्या नव्या सत्तेने मोडल्या किंवा आपल्या माणसांनी भरल्या, हेही या हिशेबात धरावे.

विश्वंभर

संपाचे महत्त्व मान्य. परंतु संपकऱ्यांच्या कुटुंबांना पैसा आणि धान्य पोचवण्यात बाजार आणि मशिदी यांचा मोठा वाटा होता. कामगारांची स्वतःची देशव्यापी संघटना शहांनी पंचवीस वर्षे उभीच राहू दिली नव्हती. म्हणजे आपले उदाहरणही माझ्याच मुद्द्याशी येऊन थांबते.

मीनाक्षी

स्त्रियांचा प्रश्न परिणामांच्या यादीतले एक कलम म्हणून येऊ नये, म्हणून लिहिते आहे. १९६३ मध्ये इराणी स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९६७ च्या कुटुंब संरक्षण कायद्याने पुरुषाच्या एकतर्फी तलाकाला आळा घातला. दोन्ही सुधारणा खऱ्या होत्या. पण त्या राजाच्या इच्छेने आल्या, आणि स्वतंत्र स्त्री-संघटनांच्या जागी शहांची जुळी बहीण अश्रफ हिच्या अध्यक्षतेखालील एकच अधिकृत संघटना उरली. राजा गेला तेव्हा तो कायदा वाचवायला उभी राहील अशी मुळे धरलेली संस्था उरली नव्हती. फेब्रुवारी संपण्यापूर्वीच तो कायदा स्थगित झाल्याचे सांगण्यात आले, आणि ७ मार्चला नोकरदार स्त्रियांनी हिजाब घालून कामावर यावे, असे खोमेनींनी बजावले.

दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, तेहरानमध्ये हजारो स्त्रिया बर्फातून चालत निघाल्या आणि पुढे अनेक दिवस निघत राहिल्या. त्यांतल्या कितीतरी जणी वर्षभर शहांच्या विरोधात घोषणा देत होत्या. त्यांच्यावर दगड-चाकूंनी हल्ले झाले. सरकारने सक्ती नसल्याचा खुलासा करून तात्पुरती माघार घेतली, पण बहुतेक डाव्या गटांनी त्यांना साथ दिली नाही, कारण त्यांच्या लेखी साम्राज्यवादाचा प्रश्न आधी आणि स्त्रियांचा नंतर होता. १९८३ मध्ये हिजाब न घालणे दंडनीय झाले, तेव्हा प्रतिकार करू शकणारे ते डावे गट स्वतःच चिरडले गेले होते. त्यामुळे दोष एकट्या राजाचा की एकट्या मौलवींचा, ही विभागणी मला पटत नाही. त्या आठवड्यात जे गप्प बसले, त्यांचाही त्यात वाटा आहे.

देवदत्त

सर्वांनी परिणामांची काळी बाजूच मांडली आहे. राजेशाहीत तेलाचा पैसा तेहरानमध्ये जिरत होता, तर १९७१ मध्ये पर्सेपोलिस येथे राजेशाहीच्या २५०० वर्षांचा सोहळा परदेशी पाहुण्यांसाठी साजरा होत होता. क्रांतीनंतर जिहाद-ए-साझंदगी (पुनर्बांधणीची मोहीम) या संस्थेमार्फत खेड्यांत रस्ते, वीज आणि पाणी पोचले, गावोगाव आरोग्य केंद्रे निघाली. १९७६ मध्ये सुमारे ३५ टक्के असलेली स्त्री-साक्षरता १९९६ पर्यंत ७० टक्क्यांच्या पुढे गेली. आणि हे सप्टेंबर १९८० मध्ये इराकने लादलेले आठ वर्षांचे युद्ध सोसून झाले. खेड्यातल्या माणसाला विचारले, तर तो या क्रांतीला निव्वळ फसवणूक म्हणणार नाही.

अरुंधती

देवदत्त, रस्ते आणि शाळा मी नाकारत नाही. पण त्या शाळांतून शिकलेल्या मुलींचे कायदेशीर लग्नाचे वय याच राज्याने नऊ वर्षांवर आणले होते, आणि युद्ध संपत आले असताना, १९८८ मध्ये, आधीच शिक्षा भोगत असलेले हजारो राजकीय कैदी याच राज्याने फासावर चढवले. खेड्यात वीज नेण्यासाठी यांतले काहीही आवश्यक नव्हते.

आणि विश्वंभर, आपल्या मूळ मुद्द्याविषयी. फेब्रुवारी ते ऑगस्ट १९७९ हे सहा-सात महिने आपल्या मांडणीत कोठेच येत नाहीत. त्या काळात वृत्तपत्रे निघत होती, पक्ष उघड सभा घेत होते, विद्यापीठांत अखंड वाद चालले होते; शहांनी बंद केलेली दारे लोकांनी स्वतः उघडली होती. मार्चअखेरच्या सार्वमतात मात्र 'इस्लामी प्रजासत्ताक : होय की नाही' एवढाच प्रश्न होता, दुसरा पर्याय नव्हता, आणि होकाराची चिठ्ठी हिरवी तर नकाराची लाल होती. ऑगस्टमध्ये आयंदेगान हे दैनिक बंद पाडण्यात आले आणि त्यापाठोपाठ आणखी अनेक नियतकालिके. या बंदीचा हुकूम निघाला तेव्हा शहा इराणमध्ये नव्हते. तो काढणाऱ्यांपुढे दुसरा मार्ग होता आणि त्यांनी तो जाणूनबुजून नाकारला.