कार्ल फ्रिस्टन यांच्या सायटेशनच्या आकड्याचा अर्थ कसा लावावा?

अभ्यासक:
नमस्कार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांचा परिचय करून देणारा लेख मी लिहीत आहे. २०१६ साली 'सिमॅण्टिक स्कॉलर' या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळाने काढलेल्या क्रमवारीत न्यूरोसायन्समधील सर्वांत प्रभावी संशोधक म्हणून त्यांचे नाव पहिले आले होते, आणि गूगल स्कॉलरवर त्यांचा एच-इंडेक्स २००च्या वर आहे. लेखाचा भर मात्र त्यांच्या 'फ्री एनर्जी' तत्त्वावर, म्हणजे मेंदू आपले अंदाज आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील तफावत कमीत कमी ठेवू पाहतो या मांडणीवर, आहे. हे तत्त्व शास्त्रज्ञांनी स्वीकारले आहे, याचा पुरावा म्हणून हे आकडे देता येतील का?

ग्रंथालय विभाग:
एच-इंडेक्स २०० याचा अर्थ एवढाच की त्यांच्या किमान २०० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २०० सायटेशन, म्हणजे इतर शोधनिबंधांत दिलेले संदर्भ, मिळाली आहेत. हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवले. ते एका संशोधकाच्या सर्व कामाला मिळून लावलेले असल्यामुळे त्यातून कोणत्याही एका सिद्धान्ताविषयी काहीच कळत नाही. शिवाय गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सेवांचे आकडे सहसा जुळत नाहीत, म्हणून आकडा देताना स्रोत आणि पाहिल्याची तारीख अवश्य द्यावी.

प्रतिमा-विश्लेषक:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. फ्रिस्टन यांच्या सायटेशनचा फार मोठा वाटा सिद्धान्ताचा नसून साधनाचा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करताना त्यांनी मेंदूच्या पेट स्कॅनमधील (किरणोत्सारी द्रव्य वापरून घेतलेल्या प्रतिमांतील) आकडेवारी तपासण्यासाठी 'स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग', म्हणजे एसपीएम, ही पद्धत आणि तिची संगणकप्रणाली तयार केली, ती इतर प्रयोगशाळांना विनामूल्य दिली, आणि पुढे एफएमआरआय (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे कार्य टिपणारी स्कॅन पद्धत) आल्यावर तीच प्रणाली जगभर रुजली. जॉन अॅशबर्नर यांच्यासोबतचा व्हॉक्सेल-बेस्ड मॉर्फोमेट्रीवरील (स्कॅनमधून मेंदूच्या रचनेतील फरक मोजण्याची पद्धत) २००० सालचा निबंध आणि डायनॅमिक कॉझल मॉडेलिंगवरील (मेंदूचे भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात याचा अंदाज बांधण्याची पद्धत) २००३ सालचा निबंध हेही पद्धतींविषयीचेच आहेत.

एफएमआरआयवरचा कोणताही निबंध उघडून त्यातील 'पद्धती' हा भाग पाहा. 'प्रतिमांचे विश्लेषण एसपीएम वापरून केले' अशा अर्थाचे एक वाक्य आणि त्यापुढे फ्रिस्टन यांचा संदर्भ तेथे वारंवार आढळेल. त्यांचा जनरल लिनियर मॉडेलवरील, म्हणजे एसपीएममागील सांख्यिकी पद्धतीवरील, गाजलेला निबंध संदर्भसूचींमध्ये कुठे १९९४चा, तर कुठे १९९५चा म्हणून दिलेला असतो. असे सायटेशन देणाऱ्याचे फ्री एनर्जी तत्त्वाविषयी काहीही मत असू शकते, किंवा त्याने त्याचे नावही ऐकलेले नसू शकते.

यात फ्रिस्टन यांचे श्रेय कणभरही कमी होत नाही. एक अख्खे क्षेत्र ज्या साधनावर उभे राहिले ते घडवणे आणि मोकळ्या हाताने वाटणे हे फार मोठे काम आहे, आणि माझ्या मते लेखात त्याला तत्त्वाइतकीच जागा मिळायला हवी.

अभ्यासक:
मनःपूर्वक आभार. मग २०१६ साली एफएमआरआयच्या संगणकप्रणालींवर जी टीका झाली, तिचा उल्लेख करावा का?

प्रतिमा-विश्लेषक:
अवश्य करावा, पण नेमकेपणाने. एकलुंड, निकल्स आणि नुटसन यांनी विश्रांत अवस्थेतील निरोगी व्यक्तींच्या स्कॅनवर एसपीएम, एफएसएल आणि अॅफ्नी या तिन्ही प्रणाली तपासल्या. 'क्लस्टर' पातळीवरील, म्हणजे मेंदूतील लगतच्या बिंदूंच्या समूहांविषयीच्या, निष्कर्षांत चुकीच्या होकारांचे प्रमाण ५ टक्के अपेक्षित असताना काही परिस्थितींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे ४०,००० अभ्यास संशयास्पद ठरतात असे सूचित करणारे वाक्य मात्र लेखकांनी नंतर स्वतःच दुरुस्त केले. ते न पाहता अनेक बातम्या आजही तोच आकडा देतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की अशा टीकात्मक निबंधांत दिलेले संदर्भही सायटेशन म्हणूनच मोजले जातात.

स्मृती-संशोधक:
तुलनेसाठी स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांचे उदाहरण घ्यावे, असे सुचवतो. शल्यविशारद स्कोव्हिल यांच्यासोबत त्यांनी १९५७ साली लिहिलेल्या निबंधात 'एच. एम.' या रुग्णाच्या स्मृतिनाशाचे वर्णन आहे, आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील भाग व नवी स्मृती यांचा संबंध त्यातून ठसठशीतपणे पुढे आला. त्यालाही हजारो सायटेशन आहेत, पण तो उद्धृत करणारे त्यातील निष्कर्षासाठी करतात.

तेव्हा एकूण आकडा देण्याऐवजी फ्री एनर्जी तत्त्वावरील २००६ आणि २०१० सालच्या निबंधांची सायटेशन वेगळी काढावीत, आणि त्यांना उद्धृत करणारे २०-२५ निबंध उघडून संबंधित परिच्छेद वाचावेत: लेखक तत्त्व तपासून पाहतो, त्याचा आधार घेतो, त्याला विरोध करतो, की प्रस्तावनेत नुसते नाव घेऊन पुढे जातो?