कूपन तोडायचे की गणित मांडायचे?

अजिंक्यतारा : कुपवाडच्या एका उद्योजकांनी काल इथे लिहिले की मायक्रोमेकॅनिक्स, म्हणजे घटकांच्या गुणांवरून मिश्र पदार्थाचे गुण गणिताने काढणे, हा पीएचडी मिळवण्यापुरता खटाटोप आहे, कूपन (चाचणीसाठी कापलेली नमुन्याची पट्टी) तोडावे, आकडा घ्यावा आणि कामाला लागावे. साताऱ्यात वीस वर्षे हाच विषय शिकवत असल्याने मला गप्प बसवत नाही. काचतंतू आणि त्यांना बांधणारी इपॉक्सी राळ यांचा पदार्थ घ्या. ई-ग्लास या काचेचा मोड्युलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, ७२ गिगापास्कल आणि इपॉक्सीचा ३ धरला, तर तंतूंचे घनफळ ६० टक्के असताना फोग्ट यांच्या १८८९ च्या सूत्राने (घनफळाच्या प्रमाणात साधी सरासरी) ४४ येतात आणि रॉइस यांच्या १९२९ च्या सूत्राने (व्यस्तांची सरासरी) जेमतेम ७. या वरची आणि खालची अशा दोन मर्यादा आहेत, खरा आकडा त्यांच्या मधेच असतो, हे हिल यांनी १९५२ मध्ये दाखवले. तंतूंच्या दिशेत पहिले सूत्र चांगले चालते. आडव्या दिशेत मात्र तंतूंची रचनाच उत्तर ठरवते. तंतूंच्या थरांचा कोन बदलला की तुम्ही पुन्हा कूपन तोडणार, आणि तो खर्च ग्राहकाकडून घेणार.

कुपवाड : खर्चाची गोष्ट मला सांगू नका. एका सल्लागाराने मला हेच ४४ काढून दिले होते. त्यावर विसंबून मी एकदिशा (सगळे तंतू एकाच दिशेत असलेल्या) कापडाच्या पट्ट्यांची ऑर्डर घेतली, ग्राहकाच्या चाचणीत ३० च्या आसपास आकडा आला आणि सगळा माल परत आला. तो तोटा भरून काढायला मला दोन वर्षे लागली. तेव्हा हिल आणि फोग्ट माझे हप्ते भरायला आले नव्हते.

विश्रामबाग : तुमचे ६० टक्के वजनाचे होते की घनफळाचे? काचेची घनता सुमारे २.५५ आणि इपॉक्सीची १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते, म्हणून वजनाचे ६० टक्के म्हणजे घनफळाचे ४१. तेच सूत्र लावा, ३१ येतात. पुरवठादार कागदावर नुसते "६० टक्के" लिहितात, याबद्दल मी कित्येक वर्षे भांडतो आहे. नमुना भट्टीत जाळून उरलेली काच तोलायला एक दिवस लागतो, आणि तेवढाही कोणी देत नाही.

कुपवाड : वजनाचे होते. सल्लागार चुकला, हे मान्य करतो. पण ती चूक कूपननेच उघडी पाडली, हेही तुम्ही मान्य करा.

कोयनाकाठ : माझा आक्षेप सरासरीलाच आहे. आमचे घर पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण वडिलांनी आयुष्यभर सांगितली. कोयनेचे धरण रबल काँक्रीटचे, म्हणजे मोठे धोंडे आणि त्यांभोवती काँक्रीट. तरीही जगभरचे संशोधक त्याचे गणिती प्रारूप मांडताना सगळ्या धरणाला ३१ गिगापास्कल हा एकच आकडा देतात. तडा काही सरासरीला जात नाही. तो धोंडा आणि काँक्रीट यांच्या सांध्यातून, जिथे जोड कच्चा तिथून जातो.

अजिंक्यतारा : धरणाचा नैसर्गिक कंपनकाल एकूण ताठरपणावर ठरतो, आणि त्यासाठी सरासरी पुरते. शिवाय धरणाच्या, नदीच्या खालच्या बाजूकडील अंगाचा उतार जिथे बदलतो त्या पातळीजवळ तडे गेले, आणि एकजिनसी प्रारूपातही ताण तिथेच साचतो. कारण तिथे दोष आकाराचा आहे, धोंड्यांचा नाही.

कोयनाकाठ : जागा कळली, हे ठीक. किती धक्क्याला तडा सुटेल आणि आत कुठवर जाईल, ते सरासरी सांगत नाही.

अजिंक्यतारा : नाही सांगत. ताठरपणाची सरासरी काढता येते, मजबुतीची तशी काढता येत नाही, हे मी वर्गात सांगतो आणि इथेही सांगायला हवे होते.

कुपवाड : म्हणजे शेवटी चाचणीच.

विश्रामबाग : कशाची चाचणी? काँक्रीटचा नेहमीचा ठोकळा १५० मिलिमीटरचा. त्यात रबलचा मोठा धोंडा मावतच नाही. असा ठोकळा फोडून मिळतो तो मधल्या काँक्रीटचा आकडा, धरणाचा नव्हे. किती मोठा तुकडा सगळ्या पदार्थाचे प्रतिनिधित्व करतो, हा होमोजिनायझेशनचा, म्हणजे मिश्र पदार्थाला एकजिनसी मानून त्याचे सरासरी गुण काढण्याचा, पहिलाच प्रश्न आहे, आणि कूपन कापणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. तुमच्या विणलेल्या कापडाचे कूपन किती रुंद असते?

कुपवाड : २५ मिलिमीटर.

विश्रामबाग : आणि विणीचा नमुना किती अंतरावर पुन्हा येतो?

कुपवाड : जाड रोव्हिंगमध्ये, म्हणजे तंतूंच्या जाड जुडग्यांच्या विणीत, दहाएक मिलिमीटरवर. म्हणजे रुंदीत पुरते तीन नमुनेही बसत नाहीत. हे मी कधी मोजले नव्हते. पुढच्या खेपेला ५० मिलिमीटरचे कूपनही कापतो. दोन्ही आकडे सारखे आले, तर मात्र तुमचे गणित मी ऐकून घेणार नाही.