तांबड्या रश्श्यावर लाल उजेड? नको

व्हिडिओत तांबडा रस्सा अजून तांबडा दिसावा म्हणून लाल लाइट मारायचा, असा विचार आम्हीही केला होता भावा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राच्या खानावळीचं शूट होतं. लाल एलईडी लावला आणि सगळी वाटी सपाट दिसायला लागली. वरचा तेलाचा कट कुठला, रस्सा कुठला, कळेना. वरची कोथिंबीर तर काळी पडली, कारण लाल उजेडात हिरव्याला परत फेकायला काही उरतच नाही. त्यात कॅमेऱ्याचा लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) भरून गेला की एडिटिंगमध्येही तपशील परत येत नाही. निळा उजेड मटणावर बघवेना, शिळं वाटतं.

पांढरा रस्सा त्याहून नाजूक. जो रंग टाकाल तोच अंगावर घेतो.

शेवटी जमलं ते असं: ताटावर साधा पांढरा लाइट, ५६०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५च्या वर, बाजूने, पातळ पांढऱ्या कापडातून मऊ करून. रंग फक्त मागच्या भिंतीवर. आम्ही निळसर-हिरवा ठेवला, त्यापुढे तांबडा उठून दिसला. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा कुठला धरतो ती सेटिंग) लॉक करा, ऑटोवर शॉटच्या मधेच रंग फिरतो. वाफेसाठी मागून एक लाइट आणि पार्श्वभूमी काळपट. नारिंगी झाक हवीच असेल तर या मागच्या लाइटला द्या, तर्रीची कड मस्त चमकते. रस्सा मात्र कढत पाहिजे. दर तीन टेकनंतर आमचं पातेलं परत गॅसवर. (शेवटची वाटी कॅमेरावाल्याची, हे आधीच ठरलेलं.)