कार्बन-पीपीएसचे तुकडे अल्ट्रासॉनिकने जोडतोय, दरवेळी वेगळी स्ट्रेंग्थ येतेय

एमटेकचा प्रोजेक्ट आहे. तुकडे म्हणजे कार्बन फायबर घातलेलं पीपीएस, गरम केलं की वितळणारं प्लास्टिक. २० किलोहर्ट्झने कंप देऊन वितळवून जोडणारं मशीन, दोन तुकड्यांच्या मध्ये पीपीएसचीच ०.२५ मिमी फिल्म ठेवतो, टाइम ०.८ सेकंद फिक्स केलाय. लॅप शिअर टेस्टला (एकावर एक जोडलेले तुकडे दोन टोकांनी ओढून बघायची टेस्ट) एक तुकडा झकास टिकतो आणि त्याच सेटिंगचा पुढचा चक्क हाताने सुटतो, गाइड म्हणतात अजून ट्रायल घे, पण मटेरियल संपत आलंय हो. काय चुकतंय?

हॉर्नवाला: टाइम फिक्स केलास तिथेच घोळ आहे. फिल्म सगळीकडे एकदम वितळत नाही, आधी इकडेतिकडे ठिपके वितळतात, तोवर हॉर्न (मशीनचा वरून दाबून कंप देणारा भाग) खाली सरकतच नाही, मग अख्खी फिल्म वितळली की ती कडेने बाहेर यायला लागते आणि हॉर्न खाली जातो. ही वेळ दर तुकड्याला थोडी वेगळी, त्यामुळे ०.८ ला एक कच्चा राहतो, दुसरा जास्त शिजतो. मशीनमध्ये डिस्प्लेसमेंट मोड असेल तर तो लाव, हॉर्न अमुक इतका खाली गेला की बंद. पॉवरचा ग्राफ पण बघ, हॉर्न सरकायला लागल्यावर पॉवर परत चढते आणि मग थोडा वेळ सपाट राहते, तिथे थांबायचं. त्यापुढे गेलास तर तुकड्यांतलंच रेझिन (फायबरभोवतीचं प्लास्टिक) वितळतं, फायबर हलतात आणि भोकं पडतात.

जुनाफिटर: एवढी कटकट कशाला, भोक पाडा, रिव्हेट मारा, मोकळे व्हा 😄

हॉर्नवाला: @जुनाफिटर काका, भोक पाडलं की फायबर तुटतात, वर रिव्हेटचं वजन. इपॉक्सीचे तुकडे असतील तर ते परत वितळत नाही म्हणून तिथे रिव्हेट नाहीतर ग्लू, पण पीपीएस, पीक (PEEK) ही प्लास्टिकं वितळतात तर त्याचा फायदा का सोडायचा? युरोपात क्लीन स्काय २ या विमान-संशोधन प्रोग्राममध्ये ८ मीटर लांब, ४ मीटर व्यासाचा थर्मोप्लास्टिक (म्हणजे असंच वितळणारं प्लास्टिक) फ्यूजलाज, म्हणजे विमानाचा धडाचा भाग, केला, वरचा-खालचा अर्धा भाग जर्मनीत श्टाडला जोडला, एका बाजूची शिवण अल्ट्रासॉनिकने आणि दुसरी सीओटू लेझरने.

मऊभात: कंप बंद झाल्याबरोबर हॉर्न वर उचलतोस का? प्रेशर तसंच ठेवून थंड होऊ दे, काही सेकंद पुरतात. आमच्या लॅबमध्ये हेच विसरून आठवडाभर पोकळ जोड काढले होते. आणि खालचा तुकडा जिगमध्ये (पकडीत) हलतोय का ते बघ, तुकडे समांतर नसतील तर एकच कड वितळते.

प्रश्न विचारणारा: बापरे, हॉर्न लगेच उचलतोय मी 🙈 डिस्प्लेसमेंट मोड पण आहे, कधी हातच लावला नव्हता. सोमवारी मशीन मिळालं की ग्राफ टाकतो इथे.